स्टेअरिंग वळवलं की गाडी बंद पडते? पंप बदलण्याआधी हा छोटा स्विच बघा

सदाशिव पेठेतल्या एका बोळात गाडी वळवत होतो. मागे दोन स्कूटर, पुढे पाण्याचा टँकर. स्टेअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं आणि इंजिन बंद. चावी फिरवली, चालू झालं. पुन्हा वळवलं, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी टँकरवाल्याने खाली उतरून "साहेब, धक्का मारू का?" असं विचारलं, तेव्हा ठरवलं की आता या गोष्टीचा छडा लावायचाच.

गाडी बाबांची, २००४ सालची पेट्रोल सेडान. एका गॅरेजने आधी स्लो, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, वाढवून दिला. दोन महिने बरं चाललं. मग म्हणाले स्टेअरिंगचा पंप गेलाय, आणि बदलायचा तर रॅकपण (चाकं वळवणारा दांडा) बघून घेऊ. शेवटी निघाला अंगठ्याएवढा एक स्विच, पॉवर स्टेअरिंग प्रेशर स्विच. त्याची किंमत पंपाच्या पासंगालाही पुरत नव्हती. मी मेकॅनिक नाही, पण या प्रकरणात जे शिकलो ते क्रमाने लिहितो आहे.

१. आधी बघा, हा स्विच तुमच्या गाडीत आहे का

बॉनेट उघडा. स्टेअरिंगचं चित्र असलेलं झाकण आणि त्याखाली तेलाचा छोटा डबा दिसला, तर तुमची गाडी हायड्रॉलिक स्टेअरिंगची. डब्यातून निघालेला जाड पाईप बेल्टवर फिरणाऱ्या पंपाकडे जातो. असा डबाच नसेल, तर स्टेअरिंग बहुधा इलेक्ट्रिक आहे आणि पुढचं काही तुमच्या कामाचं नाही. २००५ मध्ये आपल्याकडे आलेल्या स्विफ्टला इलेक्ट्रिक स्टेअरिंग होतं. आता बहुतेक छोट्या गाड्यांना तेच असतं. पॉवर स्टेअरिंगवाली एस्टीम, पहिली होंडा सिटी, अ‍ॅक्सेंट या पिढीतल्या पेट्रोल गाड्या मात्र हायड्रॉलिक.

डिझेलवाल्यांसाठी एक गोष्ट. डिझेल इंजिनाचा स्लो गव्हर्नर (वेग राखणारी यंत्रणा) किंवा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतःच सांभाळतो, म्हणून बऱ्याच डिझेल गाड्यांत स्टेअरिंग हायड्रॉलिक असूनही हा स्विच नसतो. नसलेला स्विच शोधण्यात रविवार घालवू नका.

२. स्विच करतो काय?

हे नीट समजलं की अर्धं निदान घरबसल्या होतं, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

गाडी उभी असताना स्टेअरिंग वळवणं हे सगळ्यात जड काम. टायर रस्त्यावर जागच्या जागी घासत असतो. ती ताकद पंप पुरवतो आणि पंपाला ती इंजिनाकडून बेल्टमार्फत मिळते. टायरमधली हवा ३२ पीएसआय म्हणजे जेमतेम सव्वादोन बार असते. स्टेअरिंग पूर्ण लॉकला, म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत, नेलं की पंपाच्या पाईपमध्ये साधारण ६० ते ८० बार, काही गाड्यांत त्याहून जास्त दाब चढतो. आणि इंजिन त्या क्षणी कुठे असतं? स्लोवर, ७००-८०० आरपीएमला (मिनिटाला फेरे), म्हणजे सगळ्यात अशक्त अवस्थेत. विकत मिळणाऱ्या मोटारीत पॉवर स्टेअरिंग पहिल्यांदा आलं ते १९५१ साली अमेरिकेत, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. त्या अगडबंब व्ही-८ इंजिनाला पंपाचं ओझं फारसं जाणवलंही नसेल. आपल्या दीड लिटरला ते चांगलंच जाणवतं, त्यात एसी चालू असेल तर विचारूच नका.

इथे स्विच कामाला येतो. त्याच्या आत एक पडदा किंवा छोटा पिस्टन, एक स्प्रिंग आणि विजेचे दोन संपर्कबिंदू असतात. तेलाचा दाब ठराविक मर्यादेपुढे गेला की पडदा ढकलला जातो आणि संपर्क जुळतो किंवा तुटतो. तेवढ्यावरून ईसीयूला कळतं की आता ओझं येतंय, आणि तो हवेचा मार्ग थोडा जास्त उघडून इंजिन सावरून धरतो. पाहुणे जिन्यात दिसले की घरात आधणात दोन कप पाणी वाढवतात, तसं. स्विच गेला की पाहुणे थेट स्वयंपाकघरात येऊन उभे राहतात आणि मग सगळी धांदल.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हा स्विच स्टेअरिंग हलकं करत नाही. तो फक्त निरोप्या आहे. स्टेअरिंग जड लागत असेल, घरघर आवाज येत असेल, तर दोष तेलात, बेल्टमध्ये, पंपात किंवा रॅकमध्ये शोधा. स्टेअरिंग लोण्यासारखं फिरतंय पण इंजिन दम तोडतंय, तर स्विचकडे या. माझ्या गाडीचं स्टेअरिंग एका बोटाने फिरत होतं आणि तरी मला पंप बदलायला सांगितलं गेलं. हे वाक्य मला तेव्हा ठाऊक असतं तर तिथल्या तिथे वाद घातला असता.

३. लक्षणं ओळखा

सगळ्यात ठळक लक्षण म्हणजे पार्किंगमध्ये किंवा यू-टर्न घेताना आरपीएम खाली जाणं, गाडी थरथरणं, कधी बंद पडणं. वेगात असताना काहीच जाणवत नाही, कारण तेव्हा इंजिनात दम असतो आणि स्टेअरिंगही कमी वळवावं लागतं.

दुसरं लक्षण तेलाची गळती. आतला पडदा फाटला की तेल स्विचच्या मधून, थेट विजेच्या कपलरमध्ये (तारांच्या प्लगमध्ये) उतरतं. कपलर काढून आत तेल दिसलं तर पुढच्या चाचण्यांचीही गरज नाही, स्विच बाद. हे तेल तारेच्या आतल्या बारीक तांब्याच्या तंतूंमधून पुढे झिरपू शकतं, जशी दिव्यातली वात तेल ओढते. म्हणून "थोडंच गळतंय, चालवू" असं करू नका. वरून ठिबकणारं तेल खालच्या अल्टरनेटरवर किंवा बेल्टवर पडतं. बेल्ट चिरचिरायला लागला की लोक बेल्ट बदलतात, आणि महिन्याभरात नवाही चिरचिरतो.

तिसरं, इंजिन लाईट. या सर्किटचे दोष दाखवणारे कोड पी०५५० ते पी०५५४ या ओळीत असतात. पण इथे एक फसगत आहे. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर प्रत्येक जुन्या गाडीशी बोलेलच असं नाही. आपल्याकडे ओबीडी (गाडीचे दोष स्वतः नोंदवणारी यंत्रणा) बंधनकारक झालं ते बीएस-४ या प्रदूषण-नियमांसोबत, पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाडीला गॅरेजमधलं मोठं स्कॅनर लागू शकतं. कोड नाही म्हणजे दोष नाही, असंही समजू नका. स्विच एकाच स्थितीत अडकून बसला तर काही गाड्यांच्या ईसीयूला त्यात काही वावगं दिसतच नाही.

४. फुकटची चाचणी: एसी लावून बघा

हत्यार हातात घेण्याआधी हे करा. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. हँडब्रेक, न्यूट्रल. एसी बंद ठेवून आरपीएम बघा. आता स्टेअरिंग सरळ ठेवूनच एसी लावा. काटा जरासा हलून सावरला, तर इंजिनाची ओझं सावरण्याची यंत्रणा ठीक आहे. मग एसी बंद करून स्टेअरिंग वळवा. आता मात्र काटा कोसळला, तर निरोप पोहोचत नाहीये. संशय स्विचवर किंवा त्याच्या तारेवर.

एसी लावल्यावरही इंजिन तसंच गुदमरत असेल, तर आधी थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह (इंजिनात हवा सोडणारे भाग) साफ करून घ्या. कार्बन साचलेला व्हॉल्व्ह निरोप मिळूनही हवा वाढवू शकत नाही. नवा स्विच बसवूनही गाडी बंद पडतच राहते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

५. मल्टिमीटरने खात्री करा

साधं डिजिटल मल्टिमीटर पुरतं. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळेल.

प्रथम स्विच शोधा. तो पंपाच्या अंगावर, पंपातून निघणाऱ्या जास्त दाबाच्या पाईपवर, किंवा रॅकजवळच्या पाईपवर असतो. तेलाच्या डब्यापासून पाईपचा माग काढत जा, अंदाजाने जाऊ नका. बॉनेटखाली असेच दिसणारे दोन सोबती आहेत. एक इंजिन ऑइलचा प्रेशर स्विच, तो इंजिनाच्या ब्लॉकवर किंवा फिल्टरजवळ असतो. दुसरा एसीच्या पाईपवरचा, आणि त्याला पाना लावायचाच नाही. काही गाड्यांत तो काढला तरी व्हॉल्व्ह गॅस रोखून धरतो, काहींत सगळा गॅस उडून जातो, तोही थेट तुमच्या हातावर.

आता तारा मोजा.

एक तार असेल, तर स्विच आपल्या धातूच्या अंगातूनच अर्थिंग घेतो. मीटरचं एक टोक स्विचच्या पिनवर, दुसरं त्याच्या धातूच्या अंगावर.

दोन तारा असतील, तर दोन्ही पिनांवर एकेक टोक.

तीन तारा असतील, तर तो स्विच नाही, सेन्सर आहे. दाबाप्रमाणे त्याचं व्होल्टेज सरकतं. खालची चाचणी त्याला करू नका. त्याला ५ व्होल्टचा पुरवठा येतोय का ते मोजा आणि सिग्नलच्या तारेवर स्टेअरिंग वळवताना व्होल्टेज चढतंय का ते बघा.

एक-दोन तारांच्या स्विचसाठी मीटर 'बीप'वर ठेवा, कपलर काढा आणि इंजिन चालू करा. गाडीत एक माणूस बसवा. मी आमच्या सौ.ना बसवलं. कपलर काढलेला असताना स्टेअरिंग वळवलं की गाडी बंद पडू शकते, म्हणून आतल्या माणसाने अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून धरायचा. मीटरच्या तारा, बाह्या, ओढणी, मफलर बेल्टपासून आणि पंख्यापासून दूर. रेडिएटरचा पंखा कधीही आपोआप सुरू होतो.

स्टेअरिंग सरळ असताना बीप नाही आणि लॉकपर्यंत नेल्यावर बीप, हा एक प्रकार. सरळ असताना बीप आणि वळवल्यावर बंद, हा दुसरा. गाडीगणिक दोन्ही प्रकार असतात, त्यामुळे कुठला बरोबर याचा घोळ घालू नका. बदल होतोय का, एवढंच बघायचं. दोन्ही वेळा बीप किंवा दोन्ही वेळा शांतता, तर स्विच मेला. अर्थात डब्यात तेल पुरेसं हवं आणि स्टेअरिंग हलकं हवं. दाबच तयार होत नसेल तर बिचारा स्विच काय सांगणार?

लॉकवर पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. तेव्हा पंप आपल्याच रिलीफ व्हॉल्व्हमधून तेल फिरवत राहतो आणि तेल झपाट्याने तापतं.

स्विच ठीक निघाला तर तार तपासा. चावी 'ऑन', इंजिन बंद, आणि गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये व्होल्टेज मोजा. दोन तारांपैकी एकीवर ५ किंवा १२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. काहीच नसेल तर तार कुठेतरी तुटली आहे, बहुतेकदा कपलरच्या मागे दोन-चार इंचांत. इथे बल्बवाला टेस्टर वापरू नका. तो ईसीयूच्या नाजूक सर्किटमधून नको तेवढा करंट ओढतो. बॅटरीच्या तारा तपासायचं हत्यार ते, तिथेच राहू द्या.

एकतारी स्विचवाल्यांसाठी आणखी एक. रत्नागिरी, मालवण, गोवा असा खारा वारा खाणारी गाडी असेल तर पंपाच्या ब्रॅकेटवर गंज चढून अर्थिंगच जातं. मीटरचं एक टोक स्विचच्या अंगावर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर लावून बघा. तिथे बीप नसेल, तर ब्रॅकेटचे बोल्ट घासून-पुसून पुन्हा आवळणं एवढाच उपाय असू शकतो.

६. सामान आणि कागद

दुकानात जाताना आरसीची प्रत किंवा निदान चेसिस नंबरचा फोटो न्या. त्या १७ अक्षरी नंबरावरून पार्ट नंबर निघतो. त्याच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत कपलर वेगळा, आटे वेगळे असू शकतात. नाना पेठेत मी नुसतं मॉडेलचं नाव सांगितलं, तर काउंटरवरच्या काकांनी तीन वेगवेगळे स्विच समोर ठेवले आणि म्हणाले, "यातला कुठला? नंबर आणा, मग बोलू." जुना स्विच हातात असेल तर फारच बरं, पण तो काढला की गाडी चालवता येत नाही, म्हणून निदान त्याचा आणि कपलरचा फोटो तरी हवा.

लागणारं सामान:

- नवा स्विच, सोबत त्याची ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) किंवा वायसर. वेगळं मिळत असेल तर दोन घ्या.
- स्टेअरिंगचं तेल, एक लिटर
- रिंग पाना किंवा लांब गोटी (सॉकेट), स्विचच्या मापाची. माप व्हर्नियरने घ्या. साध्या फिक्स पान्याने कडा गोल होतात.
- स्विच पाईपवर असेल तर पाईप धरायला दुसरा पाना
- मेडिकलमधून मोठी सिरिंज आणि फूटभर नळी
- ब्रेक क्लीनर, कॉन्टॅक्ट क्लीनर, जुना टूथब्रश, भरपूर चिंध्या
- जॅक आणि दोन स्टँड, तेल झेलायला पसरट ट्रे
- हातमोजे, चष्मा

तेलाबद्दल स्वतंत्र सांगतो, कारण सगळ्यात महाग चूक इथेच होते. "स्टेअरिंगचं तेल द्या" म्हटलं की बहुतेक ठिकाणी लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) हातात पडतं. काही गाड्यांना तेच लागतं, डेक्स्रॉन लिहिलेलं. पण जुन्या होंडांना होंडाचंच पीएसएफ (पॉवर स्टेअरिंग फ्लुइड) लागतं, ह्युंदाईच्या अनेक गाड्यांना पीएसएफ-३, कित्येक युरोपीय गाड्यांना सीएचएफ नावाचं हिरवं तेल. चुकीच्या तेलाने लगेच काही होत नाही. काही महिन्यांनी सील फुगतात किंवा आक्रसतात, आणि मग पंप-रॅक खरोखरच गळायला लागतो. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच घ्या. नुसत्या रंगावर विश्वास ठेवू नका.

७. जुना स्विच काढणे

इंजिन थंड हवं. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. चालू इंजिनावर हा स्विच सैल करणं म्हणजे गरम तेलाची पिचकारी तोंडावर घेणं.

बॅटरीचं निगेटिव्ह काढा. म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. सिरिंजने डब्यातलं तेल शोषून काढा. डबा रिकामा असला की खालून येणारं तेल वाटीभरावर थांबतं. अल्टरनेटर आणि बेल्टवर प्लास्टिकची पिशवी अंथरून तिच्या कडा खोचा.

मग स्विचभोवतीची सगळी घाण ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने काढा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. स्विच निघाला की त्या भोकातून धूळ सरळ पंपात जाते, आणि पंपाच्या आत तिला जागा नाही.

कपलर काढताना लॉक दाबा आणि कपलरचं अंग धरून ओढा. तारा ओढू नका. वीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजलेलं प्लास्टिक पापडासारखं मोडतं. माझं लॉक मोडलंच. शेवटी केबल टायने बांधलं, अजून तसंच आहे.

पाना लावा. स्विच पाईपवर असेल तर दुसऱ्या पान्याने पाईपचा षटकोन घट्ट धरा, नाहीतर पाईप पिळवटेल, आणि तो पाईप स्विचपेक्षा कितीतरी महाग. पहिला हिसका मारला की हलकेच सोडवत न्या. शेवटचे आटे हाताने. तेल येईल, येऊ द्या, ट्रे खाली आहेच.

आता टॉर्च घेऊन भोकात बघा. जुनी ओ-रिंग किंवा वायसर स्विचसोबत आलीय का? नसेल तर ती आत चिकटून बसली आहे. तिच्यावरच नवी बसवली तर गळती ठरलेली. प्लास्टिकच्या किंवा लाकडी काडीने काढा, स्क्रू-ड्रायव्हरने नको. जिथे सील बसतो तिथे ओरखडा पडला की काम वाढलं.

८. नवा बसवणे

नव्या ओ-रिंगला त्याच स्टेअरिंग तेलाचं बोट लावा. ग्रीस नको. स्विच पूर्णपणे हाताने फिरवत आत न्या, निदान तीन-चार आटे. पहिल्याच आट्याला अडला तर थांबा, उलटा फिरवा, पुन्हा लावा. पंपाचं अंग बहुतेकदा अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आणि त्यात वाकडे गेलेले आटे परत सरळ होत नाहीत.

टेफ्लॉनची टेप लावायची नाही. नळाचं काम केलेल्या प्रत्येक हाताला ती लावायचा मोह होतो. एक तर तिचा तुकडा सुटून पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊ शकतो. दुसरं, एकतारी स्विचचं अर्थिंग आट्यांमधूनच असतं आणि टेप ते तोडते. मग नवा स्विच लावूनही जुनंच दुखणं, आणि माणूस वेडा होतो. नव्या स्विचच्या आट्यांवर कंपनीनेच रंगीत थर दिलेला असेल तर तोच सील, त्यावर आणखी काही नको.

आवळण्याचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. टॉर्क पाना असेल तर त्यानेच आवळा. नसेल तर हाताने टेकेपर्यंत, मग छोट्या पान्याने जेमतेम घट्ट. लांब पाईप घालून पान्यावर लोंबकळायचं हे काम नाही. गळती थांबवते ती ओ-रिंग, तुमची ताकद नव्हे.

कपलरमध्ये तेल उतरलं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, सुकू देऊन, पुन्हा मारा. पिना हिरव्या-काळ्या पडल्या असतील तर नवा कपलर तारेसकट लावून घ्या. मग कपलर 'टक' असा आवाज येईपर्यंत बसवा आणि बॅटरी जोडा.

९. तेलातली हवा (एअर) काढणे

घाईत केलं तर पंप दोन दिवस रडतो, ती हीच पायरी.

पुढची दोन्ही चाकं जॅकने उचलून गाडी स्टँडवर ठेवा, मागच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर नको. डबा 'कोल्ड' खुणेपर्यंत भरा. इंजिन बंद ठेवून, चावी फक्त स्टेअरिंग लॉक सुटेल एवढी फिरवून, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. पंधरा-वीस फेऱ्या. तेल खाली जाईल, भरत राहा. डबा कोरडा पडू देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून आणखी चार-पाच फेऱ्या, लॉकवर न थांबता.

तेल दुधाळ किंवा फेसाळ दिसलं तर अजून हवा आहे. इंजिन बंद करा, अर्धा तास चहा घ्या, फेस बसला की पुन्हा. नेहमी होते तीच चूक म्हणजे फेसाळ तेल बघून डबा वरपर्यंत भरणं. हवा निघाल्यावर पातळी खाली येते ती येतेच, पण गरम झाल्यावर फुगून बाहेरही सांडते.

१०. गाडी ठीक झाली का?

बॅटरी काढल्यामुळे ईसीयू शिकलेला स्लो विसरलेला असू शकतो. एसी, दिवे, रेडिओ बंद ठेवून रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत इंजिन स्लोवर चालू द्या. काही गाड्यांना यासाठी स्कॅनरच लागतो, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. जुना कोड असेल तर पुसून घ्या.

मग चौथ्या पायरीतलीच चाचणी, आता एसी आणि स्टेअरिंग दोन्ही एकत्र. काटा जरासा लवून लगेच उठला पाहिजे. आधी कुणी स्लो वाढवून ठेवला असेल, जसा माझ्या गाडीचा होता, तर तो आता मूळ आकड्यावर आणून घ्या. नाहीतर पेट्रोल जास्त जाईल आणि ट्रॅफिकमध्ये गाडी उगाच पुढे ओढेल.

स्विचखाली कोरडा टिश्यू बांधून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. डाग असेल तर आधी ठरवा की तो आदल्या दिवशीच्या सांडलवंडीचा आहे की नवा. जागा पुसून नवा टिश्यू लावला की उत्तर मिळतं.

जे जुगाड करू नका

गळणाऱ्या स्विचवर एम-सील लावणारे भेटतील. एवढ्या दाबासाठी ते बनलेलंच नाही. स्विच काढून भोकात बोल्ट मारणारेही आहेत. त्याने गळती थांबते, पण ईसीयूला निरोप कायमचा बंद. कुणी कपलरच्या दोन तारा जोडून देतो. अशाने काही गाड्यांत ईसीयूला वाटत राहतं की तुम्ही सकाळपासून स्टेअरिंग वळवतच आहात, आणि स्लो चढाच राहतो. गावाकडे अडकलात आणि घरी पोहोचायचंय, तर वळताना अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून ठेवा. गाडी बंद पडणार नाही. मात्र घाटात हे दुखणं घेऊन जाऊ नका. वळणावर वेग कमी असताना इंजिन बंद पडलं, तर स्टेअरिंगची मदत जाते आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो.

निघालेलं जुनं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. बाटलीत भरून, वर नाव लिहून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. नाव लिहायला विसरू नका. आमच्याकडे ती लाल बाटली आठवडाभर स्वयंपाकघराच्या बाल्कनीत होती, आणि बाबा रोज विचारायचे, "अरे, हे कोकम कुणी आणलंय?"